शेवटच्या मेम्ब्रेनचं वजन

आमचा प्लांट आरओचा, म्हणजे दाबाने पाणी मेम्ब्रेनच्या बारीक पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवणारा. दुसऱ्या स्टेजच्या वेसलचं, म्हणजे मेम्ब्रेन बसवलेल्या नळकांड्याचं, रिजेक्टकडचं झाकण काढलं आणि शेवटचं मेम्ब्रेन ओढायला घेतलं, तेव्हाच हाताला कळलं की हे नेहमीचं काम नाही. एरवी थोडं ग्लिसरीन लावलं की मेम्ब्रेन सरकत बाहेर येतं. हे हलेना. दोघांनी जोर लावून ते बाहेर काढलं, पाणी निथळू दिलं आणि वजनकाट्यावर ठेवलं. काटा २१ किलोवर थांबला. पहिल्या स्टेजमधलं पहिलं मेम्ब्रेन शेजारी आणून मोजलं, ते १५ किलो भरलं. मधले सहा किलो म्हणजे दगड होता. पाण्यातून आलेला आणि आम्ही आमच्याच हातांनी आत साचवलेला.

मेम्ब्रेनच्या तोंडाशी बोट फिरवलं तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं लागलं. पांढरट, बारीक खर होता, म्हणजे क्षारांचा कडक थर. एकीकडून पाहिलं तर चमकायचा.

प्लांट ब्रॅकिश, म्हणजे मचूळ पाण्याचा, दोन स्टेजचा. पहिल्या स्टेजमधून उरलेलं पाणी दुसऱ्या स्टेजमध्ये जायचं. पहिल्या स्टेजला चार वेसल, दुसऱ्या स्टेजला दोन, प्रत्येकात आठ इंची सहा मेम्ब्रेन. ताशी ३२ घनमीटर फीड (आत येणारं पाणी) घ्यायचं, २४ घनमीटर परमिएट (मेम्ब्रेनमधून पार झालेलं गोडं पाणी) काढायचं आणि ८ घनमीटर रिजेक्ट (मागे राहिलेलं क्षारांचं पाणी) सोडायचं, म्हणजे ७५ टक्के रिकव्हरी. वर्षानुवर्षं याच आकड्यांवर तो बिनतक्रार चालला होता. जबाबदारी माझी होती आणि लॉगशीटच्या प्रत्येक पानावर खाली माझी सही होती. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यात ज्या गोष्टी नजरेतून सुटल्या, त्या माझ्याच नजरेतून सुटल्या.

सुरुवात थंडीत झाली. फीडचं तापमान २५ अंशांवरून २२ वर आलं आणि परमिएट २४ वरून २२ घनमीटरवर उतरलं. खरं तर यात बिघाड काहीच नव्हता. पाणी गार झालं की ते मेम्ब्रेनमधून जड जातं. एका अंशामागे साधारण तीन टक्के परमिएट कमी होतं, तीन अंशांना नऊ टक्के. चोविसाचे बावीस व्हायलाच हवे होते. पण लॉगशीटवर तापमानाचा रकाना एका टोकाला होता, परमिएटचा दुसऱ्या, आणि दोन्हींची सांगड घालणारा रकानाच नव्हता. शिफ्टला दिसलं ते इतकंच की उत्पादन घटलंय. मग कोणीतरी रिजेक्टचा व्हॉल्व्ह थोडा आवळला. आतला दाब वाढला, परमिएट पुन्हा २४ झालं आणि सगळ्यांना बरं वाटलं. रिजेक्ट तेवढं ८ वरून ५ वर आलं.

तीन घनमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. मलाही तसाच दिसला. जवळजवळ तीन आठवडे मी ती पानं पाहत होतो.

मग दुसऱ्या स्टेजचा डीपी, म्हणजे पाणी आत जाताना आणि बाहेर पडताना असलेल्या दाबांतला फरक, चढायला लागला. १.१ बार असायचा तो १.३ झाला, मग १.५, मग १.९. पहिल्या स्टेजचा डीपी मात्र जागचा हलला नाही. परमिएटची कंडक्टिव्हिटीही (त्यातल्या क्षारांचं माप) वाढत होती. एकेका वेसलचं परमिएट वेगळं घेऊन मोजलं तर वाढ सगळी दुसऱ्या स्टेजमधून येत होती. गाळ किंवा जिवाणूंचा चिकटा असता तर पहिली स्टेज आधी कुरकुरली असती, कारण असली घाण दारातच अडकते. क्षार मात्र शेवटी बसतात, कारण तिथे पोहोचेपर्यंत पाणी सर्वांत घट्ट झालेलं असतं. दुखणं कोणत्या टोकाला आहे यावरून निम्मं निदान होतं. म्हणूनच मी शेवटचं झाकण उघडायला लावलं.

खराचा एक चिमटा काचेवर घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. फसफसलं. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होतं. मला हायसं वाटलं, कारण कार्बोनेट आम्लाने विरघळतं. पण फेस बसल्यावर पाहिलं तर काचेवर बारीक सुयांसारखा चुरा उरला होता. अजून आम्ल टाकलं तरी तो तसाच राहिला. ज्या सरांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्यांना फोन केला.

"फसफसून काही उरतंय का?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"उरतंय, सर. सुयांसारखं."

"मग जिप्सम आहे, कॅल्शियम सल्फेट. प्रयोगशाळेत पाठव, पण आत्ता मला एवढं सांग, रिजेक्ट किती आहे?"

मी पाच म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "कागद घे आणि भागाकार कर."

त्या दिवशी केलेला तो भागाकार मी आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी करायला लावतो. मेम्ब्रेन क्षार जवळजवळ सगळे मागे ठेवतं. फीडमध्ये जेवढे क्षार आले तेवढे सगळे रिजेक्टमधल्या थोड्या पाण्यात कोंबले जातात. ३२ घनमीटरचे क्षार ८ मध्ये आले तर रिजेक्ट चौपट घट्ट होतं. आमच्याकडे आता परमिएट २४ आणि रिजेक्ट ५, म्हणजे फीड २९ होतं. २९ भागिले ५ म्हणजे ५.८ पट. रिकव्हरी ७५ ची ८३ टक्के झाली एवढंच वाटतं, पण घट्टपणा चारपटीवरून जवळजवळ सहापटीवर गेला. आणि जिप्सम धरायचं की नाही हे कॅल्शियम आणि सल्फेट यांच्या गुणाकारावर ठरतं. दोन्ही दीडपटीच्या आसपास वाढले की गुणाकार दुपटीहून जास्त होतो. आमच्या फीडमध्ये कॅल्शियम १२० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि सल्फेट २५० होतं. चारपटीला ते ४८० आणि १००० होतात. तेव्हा जिप्सम विरघळलेलं राहू शकतं, जेमतेम का होईना. ५.८ पटीला ते जवळजवळ ७०० आणि १४५० होतात, आणि तिथे मर्यादा ओलांडली जाते. त्यात मेम्ब्रेनच्या अगदी पृष्ठभागालगत पाण्याचा जो पातळ थर असतो तो मधल्या प्रवाहापेक्षाही घट्ट असतो. प्रवाह मंदावला की हा थर आणखी जाड होतो. दोन वेसलमध्ये मिळून ५ घनमीटर म्हणजे एका वेसलमधून अडीच. आमच्या मेम्ब्रेनच्या माहितीपत्रकात किमान तीन दिले होते. पाणी जास्त घट्ट आणि वर जास्त सुस्त, दोन्ही एकाच व्हॉल्व्हच्या एका पिळाने झालं.

कार्बोनेटचा हिशेब वेगळा असतो. त्यासाठी लँगेलियर निर्देशांक काढतात. विल्फ्रेड लँगेलियर यांनी तो १९३६ साली मांडला, नळांच्या पाइपांच्या संदर्भात. पाण्याचा प्रत्यक्ष पीएच आणि ते कार्बोनेटने नेमकं संपृक्त असतानाचा पीएच यांतला हा फरक. शून्याच्या वर गेला तर खर धरायची प्रवृत्ती, खाली असला तर नाही. आमच्या फीडचा निर्देशांक शून्याला टेकलेला होता. अहवालावर ते पाणी इतकं निरुपद्रवी दिसायचं की वर्षानुवर्षं कोणी त्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. पण तेच पाणी चौपट घट्ट केलं की कॅल्शियम वाढतं, बायकार्बोनेट वाढतं आणि पीएचही वाढतो. कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून निसटून जातो आणि बायकार्बोनेट मागे राहतं. चौपटीला निर्देशांक १.८ आला, ५.८ पटीला २.३. हा अंक लॉगरिदमचा आहे, त्यामुळे अर्ध्या अंकाची वाढ वाटते त्यापेक्षा खूप मोठी आहे.

फीडचा अहवाल पाहून "आपलं पाणी चांगलं आहे" म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं. मेम्ब्रेनला फीड दिसतं ते फक्त दारात. शेवटच्या मेम्ब्रेनचा सगळा संसार रिजेक्टच्या पाण्यात चालतो.

पण एक प्रश्न उरत होता. आम्ही अँटिस्केलंट, म्हणजे खर धरू न देणारं रसायन, टाकत होतो. निर्देशांक दोनच्या पुढे असतानाही चांगलं अँटिस्केलंट बऱ्यापैकी तग धरतं. मग इतका खर कसा?

ते सोडणारा डोसिंग पंप चालू होता. टकटक आवाज येत होता, दिवा लुकलुकत होता, स्ट्रोक नेहमीच्या खुणेवर होता. तरीही सक्शनची नळी टाकीतून काढून मोजपात्रात घातली आणि घड्याळ लावलं. टाकीतलं द्रावण दहा टक्के, म्हणजे लिटरला साधारण १०० ग्रॅम. ३२ घनमीटर फीडला ४ मिलिग्रॅम प्रति लिटर द्यायचं तर तासाला १२८ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला २१ मिलिलिटर द्रावण जायला हवं. पात्रातून एका मिनिटात ११ मिलिलिटर गेलं. पुन्हा मोजलं, पुन्हा ११. सक्शनच्या नळीच्या टोकाला असलेल्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीवर कचरा धरला होता आणि पंपाच्या डोक्यात हवेचा बुडबुडा अडकला होता. पंप इमानदारीत टकटक करत होता आणि डोस जेमतेम निम्मा जात होता. पाण्यात ४ ऐवजी सव्वादोन मिलिग्रॅमच पोहोचत होतं, आणि तेही नेमकं तेव्हा, जेव्हा जास्त लागलं असतं. टाकी प्रत्येक शिफ्ट खुणेपर्यंत भरत होती, पण किती भरली हे कोणी लिहीत नव्हतं. ते लिहिलं असतं तर खप निम्म्यावर आल्याचं पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

अँटिस्केलंट काय करतं याबद्दल खूप गैरसमज ऐकले आहेत. ते क्षार विरघळवत नाही आणि काढूनही टाकत नाही. क्षारांचे कण एकत्र येऊन स्फटिक आकार घ्यायला लागतो, तेव्हा त्याच्या वाढीच्या जागांवर हे रेणू जाऊन चिकटतात. स्फटिक वेडावाकडा होतो किंवा अडून राहतो. शेकडो मिलिग्रॅम क्षारांना दोन-चार मिलिग्रॅम पुरतात ते यामुळेच. पण हे सगळं उसना घेतलेला वेळ आहे. पाणी प्लांटमधून एक-दोन मिनिटांत बाहेर पडतं, तेवढा वेळ मिळाला तरी पुरतो. प्लांट बंद करून तेच घट्ट पाणी वेसलमध्ये तासन्तास ठेवलं तर उसना वेळ संपतो आणि स्फटिक निवांत वाढतात. आमचा प्लांट टाकी भरली की आपोआप बंद व्हायचा आणि रिजेक्ट आत तसंच राहायचं. हेही त्याच आठवड्यात ध्यानात आलं. आता बंद होताना परमिएटने फ्लश केल्याशिवाय तो थांबत नाही. या एका बदलाची मी सर्वांना आवर्जून शिफारस करतो. एक छोटा पंप आणि एक व्हॉल्व्ह, याहून जास्त काही लागत नाही.

जास्त डोस टाकावा का, असं एकाने विचारलं होतं. नको. आधीच्या टप्प्यात धन भाराचं कोॲग्युलंट (गाळ एकत्र आणणारं रसायन) किंवा पॉलिमर वापरत असाल तर ऋण भाराचं अँटिस्केलंट त्याच्याशी मिळून चिकट गाळ बनवतं, आणि तो काढणं खराहून अवघड जातं.

आता सफाई. सीआयपी, म्हणजे मेम्ब्रेन जागेवरच रसायनांनी धुणं, करायला फार घाई झाली होती, पण सरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. गंधकाम्लाला हात लावायचा नाही, कारण कार्बोनेट विरघळून सुटलेलं कॅल्शियम त्यातल्या सल्फेटला भेटलं की आत नवं जिप्सम तयार होतं. आणि दोन स्टेज वेगळ्या धुवायच्या, नाहीतर एकीचा मळ दुसरीत जातो. पहिल्या स्टेजला आम्ही हातही लावला नाही.

परमिएटमध्ये दोन टक्के सायट्रिक आम्ल केलं, तापवून ३५ अंशांवर आणलं. पीएच २.२ होता. दाब शक्य तितका कमी ठेवून, परमिएट निघणार नाही अशा बेताने फिरवायला सुरुवात केली. परत आलेलं पहिलं पाणी गढूळ होतं, ते गटारात सोडलं. अर्ध्या तासात पीएच ३.५ वर गेला. याचा अर्थ आम्ल कामी येत होतं. आणखी आम्ल टाकून पुन्हा खाली आणला. पुन्हा चढला, पुन्हा आणला. चौथ्या वेळी तो जागेवर राहिला. इथे बऱ्याच ठिकाणी चूक होते असं मला वाटतं. घड्याळ पाहून तासभर फिरवतात आणि संपवतात, पण पीएच अजून चढत असेल तर आत कार्बोनेट शिल्लकच असतं.

मग जिप्सम. परमिएटने भरपूर धुतलं, बाहेर येणारं पाणी तटस्थ होईपर्यंत, कारण पुढचं द्रावण ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या रसायनाचं, होतं आणि आम्लात ईडीटीए स्वतःच साका धरतं. एक टक्का ईडीटीए, कॉस्टिक सोड्याने पीएच १२ ला किंचित कमी, तापमान ३० अंशांच्या आत. एवढ्या पीएचला तापमान वाढवलं तर मेम्ब्रेनच खराब होतं, त्यामुळे टाकीजवळ एक माणूस थर्मामीटर घेऊन बसवला. थोडं फिरवायचं, मग भिजत ठेवायचं, पुन्हा फिरवायचं. जिप्सम कार्बोनेटसारखं फसफसून जात नाही, ते झिजतं. रात्रभर हेच चाललं. पहाटे परत येणाऱ्या द्रावणात कॅल्शियम मोजलं तेव्हा ते अजून वाढत होतं, म्हणून द्रावण बदलून आणखी एक फेरी केली. हातमोजे, चष्मा आणि शेजारी वाहता नळ यांच्याशिवाय कोणी टाकीजवळ गेलं नाही.

प्लांट सुरू केला तेव्हा दुसऱ्या स्टेजचा डीपी १.२ वर आला. पाणी २५ अंशांचं असतं तर किती आलं असतं, असं २५ अंशांना धरून काढलेलं परमिएट आधीच्या ९४ टक्क्यांपर्यंत परतलं. दोन्ही वेसलमधली शेवटची मेम्ब्रेनं मात्र सुधारली नाहीत. त्यांतून क्षार सुटतच राहिले. टोकदार स्फटिकांनी पडद्यावर ओरखडे पाडले असणार. ती दोन्ही बदलली. त्यांतल्या २१ किलोवाल्याचा एक काप कपाटात ठेवला आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात कॅल्शियम, सल्फेट आणि कार्बोनेट होतं. सिलिका नव्हती, याचं मनापासून समाधान वाटलं. सिलिका एकदा घट्ट बसली की तिला काढणं भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय तिची रीत उलटी आहे. गार पाण्यात ती कमी विरघळते, तर कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. एकाच प्लांटला थंडीत एक आणि उन्हाळ्यात दुसरं, असं दोन्हीकडून जपावं लागतं.

फीडचं पृथक्करण नव्याने करून घेतलं, यावेळी बेरियम आणि स्ट्रॉन्शियमसकट. आधीच्या अहवालात ते नव्हते. बेरियम लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणून कोणी विचारत नाही. पण बेरियम सल्फेट एकदा जमलं की साध्या सफाईने जात नाही. आमच्याकडे ते नगण्य निघालं. पीएच मात्र जागेवरच मोजला. बाटलीतून प्रयोगशाळेत जाईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडतो. आमचा ७.२ चा पीएच तिथे ७.९ झाला होता, आणि त्या आकड्यावर हिशेब केला असता तर सगळंच चुकलं असतं.

सरांना मी विचारलं की पूर्वी तुम्ही हे कसं सांभाळायचा. ते म्हणाले, सेल्युलोज ॲसिटेटच्या मेम्ब्रेनला आम्ल द्यावंच लागायचं, पीएच पाच-सहाच्या दरम्यान राखला नाही तर मेम्ब्रेनच विघटित व्हायचं. त्यामुळे कार्बोनेटचा प्रश्न आपोआप मिटायचा. सल्फेटसाठी हेक्सामेटाफॉस्फेट हे जुनं अँटिस्केलंट टाकायचे. पण ते टाकीत ठेवलं की फुटून साधं फॉस्फेट व्हायचं, मग कॅल्शियम फॉस्फेटचा खर धरायचा आणि जिवाणूंनाही खाद्य मिळायचं. "रोज ताजं बनवायचो," ते म्हणाले. पॉलिअमाइडचं मेम्ब्रेन आलं, आम्लाची सक्ती गेली, आणि सगळा भार त्या चार मिलिग्रॅमवर आला.

दोन महिने आम्ही ७२ टक्क्यांवर चालवलं. रिजेक्ट ९.३ घनमीटर, घट्टपणा साडेतीन पट. जास्तीचं पाणी वाहून जाताना बघवत नव्हतं, आणि ते योग्य आहे का याचा मी रोज विचार करायचो. पण नव्या पृथक्करणावर हिशेब पक्का होईपर्यंत दुसरा मार्ग नव्हता. मग पायरीपायरीने ७५ वर आलो. तिथून वर जायचं नाही हे मी ठरवलं आहे. पाणी खरंच वाचवायचं असेल तर आधी सॉफ्टनर लावून कॅल्शियम काढावं आणि मग रिकव्हरी वाढवावी. व्हॉल्व्ह आवळून नव्हे.

लॉगशीट बदलली. फीड भागिले रिजेक्ट हा रकाना पहिला. २५ अंशांना धरून काढलेलं परमिएट त्याच्या शेजारी. दोन्ही स्टेजचे डीपी वेगवेगळे. डोसिंगची टाकी किती भरली ते लिटरमध्ये, आणि दर शिफ्टला एकदा मोजपात्र आणि घड्याळ. रिजेक्टच्या व्हॉल्व्हला कुलूप लावावं असं एकदा मनात आलं होतं. लावलं नाही. शिफ्टच्या मुलांना बसवून तो काप हातात दिला आणि बोट फिरवायला सांगितलं.

पुढच्या थंडीत एका रात्री दोन वाजता फोन आला. रात्रपाळीचा मुलगा होता, जरा घाबरलेला.

"सर, परमिएट बावीसवर आलंय."

"पाण्याचं तापमान?"

"बावीस अंश. पंचवीसला धरलं तर चोवीस येतंय, सर. रिजेक्टला हात लावलेला नाही."

"डीपी?"

"दुसऱ्या स्टेजचा एक पूर्णांक दोन."

"डोस मोजलास?"

"एकवीस मिलिलिटर. दोनदा मोजलं."

मी त्याला म्हटलं, आहे तसंच चालू दे, सकाळी टाकी थोडी उशिरा भरेल एवढंच.